डोंगरवाट आणि सायकल

सातारा शहराच्या दक्षिणेस अजिंक्यतारा उभा आहे. १७०८ साली छत्रपती शाहूमहाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला, हे तुम्ही इतिहासात वाचलेच असेल. आज पहाटे या गडाच्या वाटेवर फिरावयास निघालेले आबालवृद्ध दिसतात आणि त्यांत जाड टायरांच्या सायकलींवरून चढ चढणारी तरुण मुलेही असतात. सांगली-मिरजेकडील अशी मंडळी दंडोबाच्या डोंगराकडे वळतात. डांबरी रस्ता संपून रानातील पायवाट लागली, की त्यांच्या उत्साहाला भरते येते. त्या पायवाटेचे पुढे काय होते, ते आपण पाहू.

डोंगरात सायकल चालविण्याचा हा खेळ फार जुना नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराजवळच्या डोंगरांत, काही तरुण जुन्या पण भक्कम सायकली घेऊन उतारावरून शर्यती लावीत. १९७६ साली सुरू झालेल्या अशा एका शर्यतीचे नाव होते ‘रीपॅक’. उतरताना ब्रेक इतका तापे, की मागच्या चाकात भरलेले वंगण जळून त्याचा धूर होई. मग ते पुन्हा भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ हाच त्या शब्दाचा अर्थ! पुढे या कामासाठी खास सायकली निघाल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

चाकामुळे डोंगराला अपाय होतो काय? कोरड्या, घट्ट वाटेवरून बेताने जाणारे चाक मातीचे फारसे बिघडवीत नाही. बिघाड होतो तो दोन प्रसंगी. माती ओली असली म्हणजे चाक तीत रुतते आणि मागे लांबच लांब खाच ठेवून जाते. तसेच उतारावर ब्रेक करकचून दाबला, तर चाक फिरावयाचे थांबते व माती खरवडीत घसरते. अशी खाच एकदा पडली, की उरलेले काम पाणी करते. त्याला आयता पाट मिळतो. उतार जितका तीव्र, तितका पाण्याला वेग अधिक. आणि वेग वाढला, की ते केवळ माती नव्हे, खडेही वाहून नेते. दोन-चार पावसाळ्यांत खाचेची घळ होते, झाडांची मुळे उघडी पडतात. मग येणारेजाणारे घळ टाळून कडेच्या गवतावरून जाऊ लागतात. गवत मरते, तेथे दुसरी खाच पडते. एका वाटेच्या तीन वाटा होतात आणि तिन्हींच्या घळी. बोटभर माती तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

मग वाट असावी तरी कशी? चरावयास गेलेली गुरे पाहा. ती डोंगर सरळ चढत नाहीत. तिरपी तिरपी जातात. त्यांना भूमिती कोणी शिकविली नाही, पण वाटा आखणारे जाणकारही हेच करतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा, असा त्यांचा नियम आहे. दहा हातांत डोंगर चार हात उतरत असेल, तर वाट दहा हातांत दोन हातांहून कमीच चढावी. एक हात चढली तर उत्तम. यामागील कारण सोपे आहे. पाणी नेहमी सर्वांत तीव्र उताराची दिशा धरते. वाट त्याच दिशेने गेली, तर पाणी वाटेतच राहते. वाट तिरपी असली, तर ते तिला ओलांडून खालच्या रानात पसरते. म्हणून वाटेची दरीकडील कड किंचित खाली ठेवतात, आणि चढत्या वाटेला मधूनमधून लहानसा उतार देतात, म्हणजे साचलेले पाणी तेथून बाहेर पडते.

काही ठिकाणी मात्र उत्तम वाट आखूनही भागत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेस कासचे पठार आहे. २०१२ साली त्याची जागतिक वारशात गणना झाली. तेथे खडकावर मातीचा जेमतेम थर आहे आणि त्यावरच ती प्रसिद्ध रानफुले उगवतात. फुलांत शिरलेले एक चाक तेथे पुष्कळ काही चिरडून जाते. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वरची गोष्ट निराळी. एके काळचे हे उघडेबोडके डोंगर माणसांनी झाडे लावून हिरवे केले. १९८५ साली तेथे अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर. त्यात चितळ व सांबर राहतात. एवढ्याशा जागेत प्रत्येकाने आपली नवी वाट पाडली, तर हरणांनी जावे कोठे? तेथे वन खात्याने दाखविलेल्या वाटेनेच जावयाचे.

पहिला मोठा पाऊस पडून गेला, म्हणजे वडील माणसांबरोबर गावाजवळच्या टेकडीवर जा. पाणी वाटेवरून वाहत आहे, की वाट ओलांडून, ते पाहा आणि वहीत त्याची आकृती काढा. सायकल मात्र त्या दिवशी घरी ठेवा.