स्मृतीचे चित्र

मुलांनो, गावचा नकाशा तुम्ही पाहिला असेल. त्यात प्रत्येक शेताची आकृती व गट क्रमांक असतो. बांधावरची बोर किंवा विहिरीजवळचा आंबा नसतो. तरीही शेत कोठे व केवढे, हे त्यावरून कळते. चित्रात काय दाखवावे आणि काय गाळावे, हे त्याच्या हेतूवरून ठरते.

संगणकाच्या स्मृतीचे चित्रही असेच विचारपूर्वक काढावे लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामास लागला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे एकूण ८१,९२० अंक. प्रत्येक अंकासाठी तारांत ओवलेले एक चिमुकले कडे असे. त्याचे चुंबकत्व एका दिशेने असले की ०, उलट दिशेने असले की १. ती कडी डोळ्यांना दिसत. आजच्या चिपेवरील कोट्यवधी घरे मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून चित्राचा आधार घ्यावा लागतो.

निरगुडसरला वर्गात मी एकदा फळ्यावर तीन सारख्या चौकटी काढल्या : निकटची स्मृती, मुख्य स्मृती आणि फिरती चकती. एका मुलीने विचारले, “सर, तिन्ही सारख्याच, तर तीन कशाला?”

प्रश्न बिनतोड होता. चूक माझ्या चित्राची होती.

मी फळा पुसला. निकटची चौकट लहान, मधली मोठी व चकतीची सर्वांत मोठी काढली. घरांना गट क्रमांकांप्रमाणे अनुक्रमांक दिले. मग प्रत्येकीखाली काळ लिहिला. निकटच्या स्मृतीतून माहिती येण्यास एक सेकंद लागतो असे मानले, तर मुख्य स्मृतीतून येण्यास सुमारे दीड मिनिट लागेल, आणि चकतीवरून येण्यास जवळजवळ चार महिने! रब्बीची ज्वारी पेरावी आणि कापणीला यावी, एवढा हा काळ. वेगवान स्मृती महाग, म्हणून थोडी. संथ स्मृती स्वस्त, म्हणून पुष्कळ. आपणही रोजचे पीठ डब्यात आणि वर्षाचे धान्य कणगीत ठेवतो. ती मुलगी हसून खाली बसली.

नकाशात बांध चुकीचा उमटला, तर भावाभावांत तंटा उभा राहतो. स्मृतीच्या चित्रात प्रमाण चुकले, तर संगणक कोठे खोळंबतो हे शोधणाराही भलतीकडेच शोधत बसतो. म्हणून चित्र रेखीव असावेच. पण त्याआधी ते खरे असावे.

स्वाध्याय
१. मुलीचा प्रश्न बिनतोड का होता?
२. आपल्या घरातील धान्यसाठ्याचे चित्र योग्य प्रमाणात काढा.