बिनसाखरेचा चहा दाताला केवढ्याला पडतो?

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने तीसच्या वर. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी हाकण्यात आपला निम्मा जन्म जातो. अशा गावात औषधाच्या दुकानी जाऊन ‘साखर नसलेलं गोड’ मागायचं म्हणजे जरा चमत्कारिकच. पण परवा माझ्यापुढे उभ्या असलेल्या मावशींनी तेच मागितलं. मुलगा यंत्रमागावर कामाला, दाढ किडलेली, डॉक्टरांनी गोड तोडायला सांगितलेलं आणि पोरगा चहा सोडायला तयार नाही. दुकानदारानं तीन डब्या मांडल्या. मावशींनी एकीलाही हात न लावता विचारलं, “ह्यानं दात वाचतंय का, का नुसतं पैसे जातेत?”

दुकानदार हसला आणि सर्वांत महागडी डबी पुढे सरकवली. प्रश्न मात्र लाखमोलाचा होता.

दात साखरेनं थेट किडत नाही. तोंडातले जंतू, त्यांत मुख्य स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, साखर खाऊन आम्ल तयार करतात. दातावरच्या थराचा सामू साडेपाचाच्या खाली उतरला की वरचं कठीण आवरण विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे किती साखर खाल्ली याच्याइतकंच, किंबहुना जास्तच, ती किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या विपेहोल्म संस्थेत 1945 पासून काही वर्षं बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम साखर आणि टॉफ्या खाऊ घालून हे तपासलं गेलं. आज असल्या प्रयोगाला कुणी उभं करणार नाही, पण त्यातून निघालेलं उत्तर स्पष्ट होतं. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. मधल्या वेळी चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे भराभर किडले.

आता मागावरची पाळी डोळ्यांपुढे आणा. घरून निघताना एक चहा, मग दोन-तीन वेळा अर्धा-अर्धा, जेवणानंतर एक, संध्याकाळी पुन्हा. लाळेचं काम उरकत आलं की पुढचा कप हजर. म्हणून पैसे खर्चायचेच असतील तर ते मधल्या कपांवर खर्चावेत. जेवणालगतच्या चहात साखर राहिली तरी दाताचं त्यामानानं कमी बिघडतं.

हिशेब मांडू. साखर 45 रुपये किलो आणि चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर दोन चमच्यांच्या कपात 45 पैशांची साखर जाते. सुक्रालोज किंवा स्टीव्हियाची एक गोळी साधारण एका चमच्याचं काम करते. किंमत डबीच्या आकारावर ठरते, म्हणून छापील किमतीला गोळ्यांच्या संख्येनं भागून मगच डबी उचला. शंभर गोळ्यांच्या डबीपेक्षा पाचशेची जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. गोळी 70 पैशांची धरली, तर मधल्या तीन कपांना सहा गोळ्या म्हणजे दिवसाला चार रुपये वीस पैसे. वाचलेली साखर एक रुपया पस्तीस पैशांची. महिन्याला वरचा खर्च सुमारे 85 रुपये, वर्षाला हजाराच्या आसपास. एका गोळीवर भागवलं तर निम्म्याहून कमी. टपरीवर मात्र पातेल्यात साखर आधीच पडलेली असते, “बिनसाखरेचा वेगळा टाकावा लागंल” हे ऐकायची तयारी ठेवा. अॅस्पार्टेमची गोळी उकळत्या पातेल्यात टाकू नका, उष्णतेनं तिचा गोडवा उतरतो. ती कपातच घालावी. सुक्रालोज उकळीला टिकतं.

या गोळ्या दात किडवत नाहीत, कारण जंतूंना त्यांचं आम्ल करता येत नाही. पण पडलेला खड्डा त्यांनी भरत नाही. वजन कमी करण्यासाठी असे गोड पदार्थ वापरू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे 2023 मध्ये सांगितलं आहे, तेव्हा डबीवरच्या सडपातळ कमरेकडे लक्ष देऊ नका.

पुडी घेत असाल तर चष्मा लावून मागची बाजू वाचा. सुक्रालोज साखरेच्या सुमारे सहाशे पट गोड, त्यामुळे एका कपाला लागतं ते चिमटीतही दिसणार नाही. मग पुडी भरते कशानं? बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजनं, आणि ते जंतूंना चालतं. प्रमाण थोडं असतं, पण दातासाठी म्हणून पैसे मोजतोय तर गोळी किंवा थेंब बरे. घटकांच्या यादीत आकडेही असतात: 951 अॅस्पार्टेम, 955 सुक्रालोज, 960 स्टीव्हिया, 967 झायलिटॉल. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी, हा यादीचा नियम.

या यादीतलं झायलिटॉल दंतवैद्यांचं लाडकं. फिनलंडमधल्या तुर्कू इथं 1972 ते 1974 अशी दोन वर्षं माणसांना साखरेऐवजी ते दिलं गेलं आणि दातांची कीड जवळजवळ थांबलेली दिसली. तेव्हापासून त्याचा बोलबाला आहे. नंतर सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांनी 2015 मध्ये हात आखडता घेतला: पुरावा कच्चा आहे, म्हणाले. माझं मत विचाराल तर किलोला साखरेच्या दहा-वीस पट मोजून झायलिटॉलचा शिरा करू नये. जेवणानंतर वीस मिनिटं बिनसाखरेचं च्युइंगगम चघळलं तरी लाळ सुटते, आणि खरं काम लाळच करते. आपल्याकडच्या गममध्ये बहुधा सॉर्बिटॉल आधी आणि झायलिटॉल मागे असतं, तरी चालेल. दोन्ही जास्त झाली तर पोट ढाळतं. घरात कुत्रं असेल तर झायलिटॉल कुलपात ठेवा, त्याला ते विष आहे.

आता फसगतीची ठिकाणं. पहिलं म्हणजे गुळाचा चहा. गल्लोगल्ली पाट्या लागल्यात आणि लोक तो औषधासारखा पितात. गुळात बहुतांश साखरच, जंतूंना रंगाशी कर्तव्य नाही. मध, खडीसाखर, काकवी यांचंही तेच. हुग्गी गुळाशिवाय करा असं मी सांगणार नाही, घरात राहायचं आहे, पण ती पानातच संपवावी, दिवसभर वाटीतून चाखू नये. दुसरं ठिकाण मिठाईचं दुकान. ‘शुगर फ्री’च्या पाटीखाली खजूर-अंजिराची बर्फी मीही नेहमीच्या बर्फीपेक्षा जास्त पैसे देऊन आणली आहे. खजुराची साखर दाढेच्या खाचेत घट्ट बसते, ती जिभेनं निघत नाही. ‘नो अॅडेड शुगर’ बिस्किटांत मैदा असतो आणि तोही चिकटून राहून आम्ल करतो. डाएट कोलात साखर नाही हे खरं, पण मुळातच ते इतकं आंबट असतं की जंतूंच्या मदतीवाचूनही दाताचं आवरण झिजवतं.

लहान मुलांसाठी डबी घेऊच नका. अशा बऱ्याच पाकिटांवर मुलांसाठी नाही असं छापलेलंच असतं. त्यांच्या बाबतीत फुकटचे उपाय पुरतात: रात्री बाटलीतल्या दुधात साखर नको, गोड औषधानंतर चूळ, आणि गड्ड्याच्या जत्रेतली रेवडी किंवा पाडव्याची गाठी जेवणाला लागून एकदाच. गाठी गळ्यात घालून दिवसभर चोखत फिरणारं पोर फोटोत गोंडस दिसतं, एवढंच.

सर्वांत स्वस्त औषध न्हाणीघरातच आहे. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्या, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. 22 सप्टेंबर 2025 पासून पेस्ट आणि ब्रशवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झाला आहे. गंमत म्हणजे पेस्ट गोड लागते ती बहुधा सॉर्बिटॉल आणि सॅकरिनमुळे. साखरेला पर्याय आपण रोज सकाळी तोंडात घालतोच. रात्रीही घातला तर वर्षाला एखाद-दोन ट्यूब जास्त लागतील.

हे सगळं दाढ ठणकण्याआधीचं. नंतरचा खर्च दवाखान्यागणिक बदलतो, पण अंदाजासाठी: साधं सिमेंट भरणं पाचशे ते दीड हजार, रूट कॅनल तीन ते पाच हजार, त्यावरची कॅप अडीच हजारांपासून पुढे, धातू की झिर्कोनिया यावर. हात आखडता असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या दंत विभागात आधी दाखवा. केगावला पंडित दीनदयाळ उपाध्याय डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजांत शिकणारी मुलं प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे खर्च कमी पण खेपा जास्त. मागावरच्या माणसाला खेप म्हणजे बुडालेली मजुरी, तीही हिशेबात धरा. जाताना जुना एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी जवळ असू द्या. आणि कुठंही गेलात तरी खुर्चीत बसण्याआधी विचारा: सांगितलेला आकडा कॅपसकट आहे की कॅप वेगळी?