मॅटॅडोरचा थर्मोस्टॅट बदला, मगच आंबोली चढा

बजाज टेम्पोची जुनी मॅटॅडोर अजून तुमच्या खळ्यात उभी आहे, सावंतवाडीपर्यंत बिनतक्रार जाते आणि घाट लागला की काटा लाल पट्टीकडे सरकतो, असं असेल तर एक सकाळ मोकळी ठेवा. पाने, घमेलं, स्वयंपाकातून बाद झालेला एक टोप, काथ्याची दोरी, नवं गॅस्केट, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर एवढं जमवा. थर्मोस्टॅट मात्र आधी आणू नका. तो सातव्या पायरीला घ्यायचा आहे.

1. गाडी आदल्या संध्याकाळी सपाट जागी लावा आणि सकाळपर्यंत हात लावू नका. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलंत तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

2. झाकण उघडून रेडिएटरचा खालचा नळ घमेल्यात सोडा. नळ गंजून बसला असेल तर पिळत बसू नका, खालचा होज सोडवा. घमेलं लगेच झाकून ठेवा. कूलंट गोडसर लागतं, कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं. ते माडाच्या मुळाशी किंवा विहिरीच्या बाजूलाही ओतू नका.

3. निघालेलं पाणी नीट बघा. तांबूस असेल तर आत गंज आहे, हरकत नाही. वर तेलाचा तवंग किंवा ताकासारखा फेस दिसला तर इथेच थांबा आणि मेस्त्रींना बोलवा. हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता आहे आणि मग थर्मोस्टॅट बदलून काही उपयोग नाही.

4. सीटांच्या मधला इंजिनाचा डबा उचला आणि वरचा जाड होज जिथे इंजिनाला मिळतो तिथला क्लॅम्प सैल करा. होज ओढू नका, पिळून सुटा करा. ओढलात तर जुनं तोंड फुटतं.

5. होजखालच्या टोपीचे बोल्ट थोडे-थोडे, आळीपाळीने सोडा. शिरोड्याच्या खाऱ्या हवेत हे बोल्ट हमखास जाम होतात. गंज सोडवणारं तेल मारून खुशाल चहा पिऊन या. जोर केलात तर बोल्टचं डोकं हातात आणि दांडा आत.

6. टोपी उचलून थर्मोस्टॅट बाहेर काढा.

आत काहीच सापडलं नाही? मग दुखणं बहुधा इथेच आहे. कधीतरी कोणीतरी म्हणालं असणार, "काढून टाकूया तो वॉल, काय एक होवचा नाय." होतं ना! ज्या इंजिनात बायपासची वाट असते आणि थर्मोस्टॅटच ती बंद करतो, तिथे तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतं, आणि चढावर गाडी आणखीच तापते. सपाटीवर उलट होतं. डिझेल इंजिन पुरतं गरम होत नाही, धूर वाढतो, डिझेल जास्त पितं.

7. आता नवा निवडा. जुन्याच्या कडेवर किंवा बुडाशी अंशांचा आकडा ठोकलेला असतो, तोच घ्या. आकडा पुसला असेल, किंवा आधीच्या मालकाने इंजिन बदललं असेल, तर इंजिन कोणतं आहे ते दुकानदाराला सांगा. 82 आणि 88 दोन्ही त्या इंजिनाला चालत असतील तर आपल्या किनाऱ्यावर 82 घ्या. 71 चा मोह नको. थर्मोस्टॅट दार किती वाजता उघडायचं तेवढंच ठरवतो, घर थंड ठेवणं रेडिएटरचं काम. रेडिएटर चोंदलेला असेल तर 71 वालासुद्धा लवकर उघडेल आणि गाडी तेवढीच तापेल. दुकानात जुना नमुना सोबत न्या. कडेचा व्यास, उंची आणि खाली बायपास बंद करणारी चकती असेल तर तीही जुळली पाहिजे. नुसता व्यास बघून घेतलेला थर्मोस्टॅट बसतो छान, काम करत नाही.

8. नवा असला तरी टोपात तपासा. काथ्याने बांधून पाण्यात अधांतरी सोडा, बुडाला टेकू देऊ नका. 82 चा असेल तर त्याच सुमारास हलायला लागेल आणि 95 च्या आसपास पूर्ण उघडेल. तापाचा थर्मामीटर यात बुडवू नका, फुटेल. स्वयंपाकाचा नसेल तर एवढंच बघा: खळखळ उकळीला सताड उघडा, बाहेर काढून गार झाला की घट्ट बंद. नाहीतर दुकानात परत.

9. रेडिएटर साध्या पाण्याने आतून धुवा, निघणारं पाणी निवळ येईपर्यंत. मग नळ किंवा होज परत बसवा.

10. रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर, असं पाणी मारून धुवा. मीठ आणि रेडीकडची लाल धूळ तिथेच बसते. प्रेशरचा पाइप जवळ धरू नका, पाती मुडपतात आणि वारा अडतो.

11. थर्मोस्टॅट बसायची खाच आणि टोपीचा तळ जुन्या गॅस्केटपासून खरवडून साफ करा. आधी भोकात फडकं कोंबा, आणि नंतर ते आठवणीने काढा.

12. थर्मोस्टॅट बसवा. स्प्रिंग इंजिनाकडे, आणि हवा जायची बारीक पिन असेल तर ती वर. उलटा बसला तर इंजिन काही मिनिटांतच उकळेल.

13. नवं गॅस्केट ठेवून बोल्ट आळीपाळीने आवळा. ॲल्युमिनियमच्या टोपीला फार ताकद लावू नका, तडकते.

14. होज चढवून क्लॅम्प आवळा.

15. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे. ढिला असेल तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही सुस्तावतात.

16. झाकणाचं रबर तपासा. चिरलं असेल तर मूळ आकड्याचंच नवं झाकण घ्या. 0.9 बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, एवढं या लहानशा वस्तूचं महत्त्व. त्याहून जास्त दाबाचं मात्र बसवू नका, जुन्या रेडिएटरचे सांधे उसवतील.

17. एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळा. इथे काही पाणी गोठत नाही, निम्मंनिम्मं करायची गरज नाही; डब्यावर वेगळं छापलं असेल तर ते पाळा. विहिरीचं पाणी नको, किनाऱ्याजवळचं तर मुळीच नको, क्षारांनी रेडिएटर खातं. दुकानात "बॅटरीचं पाणी" मागाल तेव्हा ॲसिड हातात पडत नाही ना, ते बघा.

18. मिश्रण सावकाश ओता, बुडबुडे थांबेपर्यंत.

19. झाकण उघडंच ठेवून इंजिन मंद चालू करा आणि वरच्या होजवर अधूनमधून हात ठेवा, पंख्यापासून बाही सांभाळून. काही वेळाने होज एकदम गरम होईल. थर्मोस्टॅट उघडला! पातळी खाली जाईल, मिश्रणाची भर घाला, झाकण लावा. होज गारच आणि काटा वर चढतोय? लगेच बंद करा, आत हवा अडकली आहे. गार झाल्यावर पुन्हा भरा.

20. आधी वेंगुर्ल्यापर्यंत जाऊन या. ओलं कुठे दिसलं तर क्लॅम्प आवळा, तेही गाडी गार झाल्यावर.

21. आता मळेवाड-सावंतवाडी करत दाणोली गाठा आणि घाट खालच्या गिअरमध्ये चढा. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढवलीत तर इंजिनावर भार पूर्ण आणि पंखा, पंप मात्र हळू. आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे, दमाने घ्या.

22. काटा तरीही लाल पट्टीकडे गेला तर कडेला घ्या. वाफ किंवा गळती नसेल तर एक-दोन मिनिटं इंजिन मंद चालू ठेवून मग बंद करा. वाफ दिसली तर ताबडतोब बंद. धबधब्याचं गार पाणी तापल्या इंजिनावर ओतायची हौस आवरा, हेडला तडा जातो.

23. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पातळी बघा. बोटभर कमी झाली असेल तर उरलेलं मिश्रण घाला. रोजच कमी होऊ लागली तर पंपाच्या खाली फडकं फिरवून बघा, गळती बहुतेक तिथेच सापडेल.