मार खाल्लेल्या मुलाच्या मनाची जखम

उपासक-उपासिकांनो, धम्म स्वीकारताना आपण देवघरातले देव काढले, नवस सोडले, भगताची पायरी बंद केली. पण मूल रात्री किंचाळून उठू लागले, सुटलेली सवय परतून पुन्हा अंथरूण ओले करू लागले, की घरातली म्हातारी म्हणते, "ह्याला बाहेरचं काही लागलं," आणि अंगारा पुन्हा घरात शिरतो. बाहेरचे काही लागलेले नसते. लागलेले असते ते पुष्कळदा घरातलेच, नाहीतर शाळेतले.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. 13 राज्यांतील 12,447 मुलांना विचारले, तेव्हा तिघांपैकी दोघांच्या वाट्याला मार आलेला आढळला. घरात मारणारे बहुतेक आईबापच होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या माराला बंदी केली. घरातल्या माराला आपण अजून 'वळण' म्हणतो.

मग मार खाल्लेले प्रत्येक मूल आजारी पडते काय? नाही. आठवण राहणे हा आजार नव्हे. बाबासाहेबांनी 1901 सालचा मसूरहून गोरेगावपर्यंतचा तहानेचा प्रवास तीसहून अधिक वर्षांनी बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. ती आठवण त्यांच्या ताब्यात होती. आजारात आठवणच मुलाचा ताबा घेते. फळा पुसायला डस्टर उचलला की दोन्ही हातांनी डोके झाकणारे मूल मी वर्गात पाहिले आहे. त्याच्या शरीराला मागचा मार आत्ताच बसतो आहे असे वाटते. वाईट स्वप्ने, दचकणे, ठरावीक जागा वा माणूस टाळणे, चिडणे, पुस्तकात लक्ष न लागणे, हे महिन्याहून अधिक चालले तर डॉक्टरला दाखवावे. या आजाराला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात.

उपचारातली पहिली गोष्ट म्हणजे मार थांबणे. जखमेवर रोज काठी बसत असेल तर मलम काय करणार? पुढे प्रशिक्षित समुपदेशक मुलाला आधी श्वास आणि अंग सैल सोडायला शिकवतो. मग घडलेले थोडेथोडे, मुलाला झेपेल तेवढेच, बोलून किंवा चित्र काढून सांगायला लावतो. ज्याच्यावर मुलाचा विश्वास आहे असे घरचे माणूस सोबत लागते. साधारण 12 ते 16 बैठका होतात. हळूहळू आठवण मागच्या काळात जाऊन बसते. मुलांसाठी गोळी हा पहिला उपाय नव्हे. झोपेची गोळी तर आपल्या मनाने मुळीच देऊ नये.

"विसरून जा" म्हटल्याने मूल विसरत नाही, फक्त बोलायचे थांबते. पाहुण्यांदेखत खोदून विचारणेही तितकेच वाईट. आणि काही उत्साही मंडळी अशा मुलाला डोळे मिटून ध्यानाला बसवतात. भेदरलेल्या मुलाला मिटलेल्या डोळ्यांमागे तोच प्रसंग दिसू शकतो. ती घाई नको.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य बोलता येते. मूल आज धोक्यात असेल तर 1098 फिरवा. लैंगिक अत्याचार झाला असेल, तर करणारा नात्यातला असला तरी पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टरसमोर बसल्यावर "हा फार हट्टी आहे" अशी सुरुवात करू नका. त्रास केव्हापासून सुरू झाला आणि त्याआधी घरात काय घडले, ते सांगा.