हिपॅटायटिस-सी: रिपोर्टातला 'प्रकार ३' म्हणजे काय?

'हिपॅटायटिस-सी, जिनोटाइप ३' असे रिपोर्टवर छापलेले पाहून रुग्ण मला घाबरून विचारतात, "डॉक्टर, तिसरी स्टेज का?" तसे नाही. हा आकडा आजाराची पायरी सांगत नाही, विषाणूचे घराणे सांगतो.

१९८९ साली ओळख पटलेल्या या विषाणूचा जनुकीय मजकूर सुमारे ९,६०० अक्षरांचा आहे. यकृताच्या पेशीत त्याच्या नकला निघतात, पण नक्कल तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. चुका साठत जाऊन काळाच्या ओघात आठ घराणी झाली. दोन घराण्यांच्या मजकुरात सुमारे तीस टक्के फरक असतो. सीवर अजून लस नाही, त्याचे एक मोठे कारण हा बहुरूपीपणाच. (बीची लस बाळाला अवश्य द्यावी, पण ती सीपासून वाचवत नाही.)

आपल्या देशात प्रकार ३ सर्वांत जास्त, त्याखालोखाल प्रकार १. दक्षिणेकडे १चे प्रमाण उत्तरेपेक्षा अधिक आढळते. प्रकार ३ची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे: तो स्वतःच यकृतात चरबी साठवतो. दारूला न शिवणाऱ्या सडपातळ माणसाच्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आले की घरचे संशयाने पाहू लागतात. कारण बहुधा दुसरेच निघते, तरी अशा वेळी मी सीची तपासणी करायला सांगतो.

इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात प्रकाराला फार महत्त्व होते. प्रकार ३ला २४ आठवडे, प्रकार १ला ४८. खर्च आणि त्रास दोन्ही भारी. आता सोफोसबुव्हिरच्या जोडीने डाक्लाटासव्हिर किंवा वेलपाटासव्हिरच्या गोळ्या सर्व प्रकारांवर चालतात. बहुतेकांना १२ आठवडे पुरतात आणि शंभरात नव्वदांहून अधिक रुग्ण बरे होतात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. मात्र प्रकार ३ला सिरॉसिसची जोड मिळाली की तो चिवट ठरतो. म्हणून माळ घालून, मुळी खाऊन वेळ दवडू नका. ए आणि ईची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जाते. सी मात्र डोळे पिवळे न करता वर्षानुवर्षे यकृत पोखरतो.

अँटिबॉडीची चाचणी बरे झाल्यावरही 'पॉझिटिव्ह' येते, त्याने घाबरू नये. विषाणू गेला की नाही हे आरएनए चाचणी सांगते. ती गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी करावी. गोळ्या सुरू करण्यापूर्वी बीचीही तपासणी करून घ्यावी, नाहीतर दबून राहिलेला बी उसळू शकतो.