मंद चालणारा स्मार्टफोन: त्याची कारणे व उपाय

खेड्यापाड्यांतील आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या हाती आता स्मार्टफोन आहे, आणि त्याविषयी एकच तक्रार वारंवार कानी येते, ती ही की, घेतला तेव्हा फोन झपाट्याने चालत असे, आता साधे चित्र उघडावयासही तो मनुष्याचा अंत पाहतो. ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहावे, पिकाचा फोटो घ्यावा, आणि नेमके त्याच वेळी फोनाने निश्चल व्हावे. दुकानात पैसे देतेवेळी मागे रांग वाढत जावी व पडद्यावर चक्र फिरत राहावे, हा अनुभव कोणास नाही? मग शेजारी सांगतो की, फोन जुना झाला, नवा घ्या. परंतु नवा फोन म्हणजे मजुरी करणाऱ्या कुटुंबाची महिनाभराची मिळकत, अथवा डोक्यावर हप्त्यांचे कर्ज. यास्तव हा खर्च खरोखर आवश्यक आहे की काय, हे आधी पाहणे अगत्याचे आहे. आमच्या मते बहुतेक प्रसंगी तो आवश्यक नसतो. फोन झिजलेला नसून कोंदलेला असतो.

प्रथम दोष कोठे आहे हे ठरवावे. फोन मंद असणे एक व नेटवर्क मंद असणे दुसरे. पण लोक ही दोन्ही एकच समजतात. परीक्षा सोपी आहे. फोन 'एअरप्लेन मोड'वर ठेवून, म्हणजे त्याचा बाहेरचा सर्व संबंध तोडून, जुने फोटो, कॅमेरा व कॅल्क्युलेटर उघडून पाहावे. ही झटकन उघडली तर फोन निर्दोष आहे. मग अडचण टॉवरची असेल, किंवा त्या दिवसाचा डेटा संपला असेल. आपल्याकडील पुष्कळ रिचार्जांत रोजचा ठरलेला डेटा संपताच वेग ६४ केबीपीएसवर उतरवितात, व त्या वेगाने एक फोटो येणेही कष्टाचे होते. तेव्हा फोन कितीही साफ केला तरी उपयोग नाही. परंतु कॅमेराच उघडावयास विलंब लागत असेल, तर पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा.

फोनात जागा दोन प्रकारची असते. रॅम ही चुलीपुढच्या जागेसारखी आहे. चालू काम तेथे मांडलेले असते, आणि फोन बंद होताच ती रिकामी होते. स्टोरेज हे कोठीघर होय. फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप्स, संदेश सर्व तेथे साठविलेले असते. कोठीघर भरले म्हणून चुलीवरचे काम का अडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, स्टोरेज ज्या फ्लॅश मेमरीचे बनलेले असते, ती शाळेच्या पाटीसारखी आहे. मात्र ह्या पाटीची रीत निराळी. तिजवरील एकच ओळ पुसून तेथे नवी लिहिता येत नाही. पुसावयाची तर सबंध पाटीच पुसावी लागते. म्हणून फोन नवा मजकूर कोऱ्या पाटीवर लिहितो व जुनी ओळ रद्द झाली एवढी नोंद ठेवतो. कोऱ्या पाट्या पुष्कळ असल्या म्हणजे हे विनासायास चालते. त्या संपत आल्या म्हणजे मात्र एखाद्या पाटीवरील कामाच्या ओळी दुसरीकडे उतरवून घ्या, पाटी पुसा, मग लिहा, असा खटाटोप त्यास वरचेवर करावा लागतो. आणि आपण काही करीत नसलो तरी फोन आतल्या आत सतत काही ना काही लिहीतच असतो.

२०१२ साली गूगलने आसुस कंपनीकडून करविलेला 'नेक्सस ७' हा टॅबलेट ह्याच व्याधीसाठी प्रसिद्ध झाला होता. पुढे २०१३ साली अँड्रॉइडच्या ४.३ ह्या आवृत्तीत, कोणत्या ओळी रद्द झाल्या त्याची खबर मेमरीस नियमितपणे देण्याची सोय झाली, तेव्हा त्यास बराच आराम पडला. हे झाडलोटीचे काम फोन स्वस्थ पडून असता, बहुधा रात्री चार्जिंगवर असताना, आपोआप होते. त्यासाठी तो अधूनमधून रात्री चार्जिंगला लावून ठेवावा. मात्र उशीखाली नव्हे.

कोठीघर कशाने भरते? आमच्या पाहण्यात बहुधा व्हॉट्सअ‍ॅपने. सकाळच्या शुभेच्छांची फुले, सूर्योदय, लग्नाचे व्हिडिओ, भाषणे. एकच व्हिडिओ पाच गटांतून पाच वेळा येऊन पडतो. भारतातील फोन ह्या 'गुड मॉर्निंग' चित्रांनी भरून जातात हे गूगलच्याही ध्यानात आले होते. त्या कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये 'फाइल्स गो' नावाचे अ‍ॅप काढले, ते आज 'फाइल्स' ह्या नावाने पुष्कळ फोनांत आधीपासूनच असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', व त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडावे. कोणत्या गटाने किती जागा व्यापली हे तेथे उतरत्या क्रमाने दिसते, आणि ते पाहून बहुतेकांस आश्चर्यच वाटेल. सर्वांत मोठे व्हिडिओ आधी काढावे. त्याच ठिकाणी 'मीडिया ऑटो-डाउनलोड' मधील खुणा काढून टाकाव्या, म्हणजे न विचारता काही उतरणार नाही. गॅलरीतून काढलेले फोटो बहुधा काही दिवस कचरापेटीत पडून राहतात व तोवर जागा मोकळी होत नाही. म्हणून ती पेटीही रिती करावी. एकंदर जागेचा पाचवा हिस्सा मोकळा असावा, असा आमचा ठोकताळा आहे.

परंतु काढण्यापूर्वी राखण्याचे पाहावे. पूर्वी घरात भिंतीवर दोन फोटो असत; आता बारशापासून मौतीपर्यंतचे सर्व त्या एका फोनात असते. असे जे घरचे आहे, ते आधी मेमरी कार्डावर, पेन ड्राइव्हवर किंवा कोणाच्या संगणकावर उतरवून घ्यावे, व तेथे ते उघडते की नाही हे डोळ्यांनी पाहून मगच फोनातून काढावे. गूगलच्या खात्यात फोटो, ईमेल व इतर सर्व मिळून १५ जीबी विनामूल्य राहते. १ जून २०२१ पासून चढविलेले फोटो ह्या मापात धरले जातात.

येथे एका शब्दाविषयी विशेष सावध करणे आम्हांस अवश्य वाटते. अ‍ॅपच्या माहितीत 'क्लिअर कॅशे' व 'क्लिअर डेटा' (काही फोनांत 'क्लिअर स्टोरेज') अशी दोन बटणे जवळजवळ असतात. पहिल्याने तात्पुरता साठा जातो, तो फोन पुन्हा तयार करतो. त्यात भय नाही. दुसऱ्याने अ‍ॅप अगदी कोरे होते. आमच्या परिचयाच्या एका विधवा बाईंनी पतीचे आवाजी संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर जपून ठेवले होते. फोन मंद झाला म्हणून त्यांनी तो एका दुकानात दिला; तेथील मुलाने दुसरे बटण दाबले, आणि बॅकअप कधी घेतलाच नव्हता. फोन वेगाने चालू लागला खरा. पण ते संदेश पुन्हा मिळाले नाहीत. फोन दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी, 'ह्यातले काय जाईल?' हा प्रश्न विचारण्यास कोणी संकोचू नये.

'फोन एका स्पर्शात वेगवान' असे सांगणारी अ‍ॅप्स मुळीच घेऊ नयेत. ती स्वतः जागा व्यापतात व जाहिराती दाखवितात. त्यांतील नावाजलेले 'क्लीन मास्टर' करणाऱ्या चीता मोबाईल कंपनीची अ‍ॅप्स गूगलने फेब्रुवारी २०२० मध्ये जाहिरातींतील गैरप्रकारांबद्दल प्ले स्टोअरमधून काढली. आणि भारत सरकारने २९ जून २०२० रोजी ज्या ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली त्यांतही क्लीन मास्टर होते. तसेच उघडलेली अ‍ॅप्स घडीघडी बोटाने सारून बंद करण्याची सवयही निरुपयोगी आहे. जे रॅममध्ये तयार ठेवलेले असते ते फेकून पुन्हा पहिल्यापासून मांडावयास अधिकच श्रम पडतात. अडून बसलेले एखादे अ‍ॅप तेवढे बंद करावे. आठवड्यातून एकदा फोन बंद करून पुन्हा चालू करणे मात्र हितकर होय.

उन्हाचाही विचार करावा. फोन फार तापला म्हणजे आतील भाग जळू नयेत म्हणून तो आपली गती आपणच कमी करतो. वैशाखात बांधावर उन्हात ठेवलेल्या फोनास कोणी 'जुना' म्हणू नये. सावलीत थंड होऊ द्यावा. जीर्ण बॅटरीनेही असेच होऊ शकते. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने कबूल केले की, बॅटरी जीर्ण झालेले काही आयफोन एकाएकी बंद पडू नयेत म्हणून ती त्यांचा वेग गुपचूप कमी करीत होती. नवी बॅटरी घातली की वेग परत येई, पण हे ठाऊक नसल्याने लोकांस नवा फोन घ्यावासा वाटे. मोठा ओरडा झाल्यावर कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा आकार ७९ डॉलरांवरून २९ डॉलरांवर आणला. अँड्रॉइड फोनात 'बॅटरी सेव्हर' सदैव चालू राहिला असेल तर त्यानेही गती उतरते, तो तपासावा. बॅटरी फुगली असेल तर मात्र फोन त्याच दिवशी वापरातून काढावा, कारण आगीचे भय असते.

एवढे करूनही गुण न आला, तर 'फॅक्टरी रीसेट' हा शेवटचा उपाय. त्याने फोन घेतला त्या दिवसासारखा कोरा होतो. म्हणून वर सांगितल्याप्रमाणे सर्व उतरवून घेतल्यावाचून त्यास हात लावू नये. आणखी एक अट आहे. अँड्रॉइड फोन रीसेटनंतर बहुधा पूर्वीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागतो. ही सोय चोरांसाठी केलेली आहे, पण ती मालकासही अडविते. पुष्कळांचे खाते दुकानदाराने किंवा पुतण्याने उघडून दिलेले असते व पासवर्ड कोणासच आठवत नाही. तो आधी शोधून घरातील वहीत लिहून ठेवावा.

ज्या फोनाची रॅमच एक-दोन जीबी आहे, आणि ज्यास कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा येणे थांबले आहे, त्याचे आयुष्य मात्र खरोखर सरत आले असे समजावे. व्हॉट्सअ‍ॅपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ५.० पूर्वीच्या फोनांस रजा दिली. अशा फोनातून पैशांचे व्यवहार करू नयेत. नवा घेणे भागच पडले तर दुकानात कॅमेऱ्याची स्तुती ऐकत न बसता तीन गोष्टी विचाराव्या: रॅम किती, स्टोरेज किती, आणि सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानदारास देता आले नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर ते पाहून मगच पैसे मोजावे.