उन्हाळ्यातील धावण्याचा सराव : जिद्द आणि तिची मर्यादा

नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुका सातमाळा डोंगररांगेलगत, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसला आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील माळराने तापतात आणि विहिरी तळ गाठतात. अशा या अवर्षणप्रवण तालुक्याने देशाला दोन नामवंत खेळाडू दिले आहेत. वडाळीभोईच्या संजीवनी जाधव यांनी २०१७ साली भुवनेश्वर येथील आशियाई मैदानी स्पर्धेत ५,००० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांनी लहानपणी वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम केले. पुढे सैन्यात दाखल झाल्यावर ते नौकानयन शिकले, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरले आणि २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या नौकेतून सुवर्णपदकाचे मानकरी ठरले.

या यशाने ग्रामीण तरुणांपुढे आदर्श उभा राहिला. तथापि, धावण्याचा सराव करणाऱ्या बहुसंख्य तरुणांचे उद्दिष्ट पदक नसून पोलीस अथवा सैन्यदलातील भरती हे असते. अलीकडच्या पोलीस भरतीत पुरुषांसाठी १,६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावण्याची चाचणी ठेवण्यात आली आहे. जून २०१४ मध्ये मुंबईत झालेल्या भरतीच्या वेळी हे अंतर पुरुषांसाठी ५ किलोमीटर होते. त्या चाचणीच्या काळात काही उमेदवार मृत्युमुखी पडले. उन्हाळ्यातील सरावाचा शास्त्रीय विचार किती निकडीचा आहे, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

शरीरात घडते काय?

धावताना स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे एक चतुर्थांश भागच प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र नुसता गळून पडणारा घाम शरीर थंड करीत नाही. तो त्वचेवर सुकला पाहिजे. म्हणूनच चांदवडच्या कोरड्या हवेत सराव केलेल्या उमेदवारास मुंबईच्या दमट हवेत तेच अंतर अधिक जड जाते. उलट, कोरड्या हवेत घाम चटकन सुकत असल्याने किती पाणी गेले याचा अंदाज येत नाही, हाही धोका ध्यानात घ्यावा.

त्याच वेळी रक्ताला दोन कामे करावी लागतात : स्नायूंना प्राणवायू पुरविणे आणि त्वचेपर्यंत उष्णता वाहून नेणे. त्यामुळे नेहमीच्या वेगानेही हृदयाचे ठोके वाढतात. उन्हात वेग मंदावणे हा दुबळेपणा नव्हे; तो शरीराचा हिशेब आहे.

सवय कशी लावावी?

शरीर उष्णतेला सरावते, परंतु त्यास १० ते १४ दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. म्हणून पहिल्या आठवड्यात अंतर व वेग दोन्ही कमी ठेवून ते क्रमाक्रमाने वाढवावेत. सरावात काही आठवड्यांचा खंड पडल्यास ही सवय मोडते. मग पुन्हा आरंभापासूनच सुरुवात करावी लागते. ताप, जुलाब किंवा अपुरी झोप असताना कठीण सराव टाळावा. धावण्याची वेळ सूर्योदयाच्या सुमारास ठेवावी. कपडे सैल व फिकट रंगाचे असावेत.

पाणी तहानेनुसार प्यावे. केवळ पाणीच अतोनात पिणेही अपायकारक आहे, कारण त्याने रक्तातील क्षारांचे प्रमाण घटते. दीर्घ सरावानंतर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पेय उपयुक्त ठरते.

कोठे थांबावे?

जड झालेले पाय, लागलेला दम आणि थांबण्याची इच्छा यांवर जिद्दीने मात करता येते, आणि सराव त्यासाठीच असतो. परंतु चक्कर, मळमळ, अंगावर काटा येणे, पाय लटपटणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे ही जिद्दीची परीक्षा नव्हे; ती धोक्याची सूचना होय. शरीराच्या अंतर्भागाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास उष्माघात संभवतो. त्या अवस्थेत धावणाऱ्यास स्वतःचे भान राहत नाही. त्यामुळे थांबविण्याची जबाबदारी सोबत्यांवर व मार्गदर्शकावर येते.

अशा वेळी रुग्णास ताबडतोब सावलीत न्यावे, अंगावरील कपडे सैल करावेत आणि शक्य तेवढ्या थंड पाण्यात मानेपर्यंत बसवून त्याचे डोके सतत आधाराने वर धरावे. ते शक्य नसल्यास सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा. त्याच वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र ती येईपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

गावाची जबाबदारी

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. शाळेच्या मैदानाजवळ पिण्याचे पाणी, थोडी सावली व पाण्याने भरलेली एक टाकी यांची व्यवस्था ग्रामपंचायतीस सहज करता येईल. क्रीडाशिक्षकांनी एकट्याने धावण्याऐवजी जोडीने धावण्याची पद्धत रूढ करावी आणि प्रत्येकास धोक्याची लक्षणे पाठ करून द्यावीत. भरतीची जाहिरात निघाल्यावर धावू लागण्यापेक्षा हिवाळ्यापासूनच तयारी करणे श्रेयस्कर होय. अनेक घरांच्या आशा या मुलामुलींवर केंद्रित झालेल्या असतात. ती चाचणीत उत्तीर्ण होणे महत्त्वाचे आहे. परंतु ती सुखरूप घरी परतणे त्याहून महत्त्वाचे आहे.